मॅडमनी बाळाचा कान हुंगला

माइक जरा खाली करून द्या कुणीतरी. हां, पुरे.

या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माझ्या आधी मोठमोठे डॉक्टर बोलले. जन्मतःच होणाऱ्या दुर्मीळ आजारांवर डॉ. सुमती खरवंडीकरांनी, म्हणजे आपल्या मॅडमनी, केवढं संशोधन केलं, ते त्यांनी नीट सांगितलं. मी मनीषा, तिसगावची. आमची शेती आहे. मला भाषण येत नाही. पण मॅडमबद्दल मी नाही बोलायचं, तर कुणी बोलायचं?

माझं पहिलं बाळ आठवडाभरात गेलं. चांगलं गुटगुटीत जन्मलं होतं. मग दूध ओढेना, नुसतं झोपून राहिलं, आणि गेलं. का गेलं, ते एकाही डॉक्टरला कळलं नाही. गावाला मात्र लगेच कळलं. हिचं दूध बाधलं, म्हणाले.

मग श्रेयस झाला. आणि पुन्हा तेच. त्यानेही दूध सोडलं. आम्ही त्याला घेऊन नगरला मॅडमच्या दवाखान्यात निघालो. आता आमच्या सासूबाई, या समोरच बसल्यात, फार टापटिपीच्या. डॉक्टरकडे पोर असंतसं न्यायचं नाही. त्या घाईतही त्यांनी त्याला आंघोळ घातली, ओवा-वावडिंगाची धुरी दिली, पावडर लावली, नवं झबलं घातलं. लंगोट सगळे धुऊन टाकले.

मॅडमनी बाळ हातात घेतलं आणि हुंगलं. डोकं हुंगलं, मान हुंगली. ओला लंगोट मागितला, तो आमच्याकडे नव्हता. मॅडम वैतागल्या. वैतागायच्या हो त्या, आता त्या गेल्या म्हणून खोटं कशाला बोलू? वावडिंगाशिवाय कशाचा वासच येत नाही, म्हणाल्या. मग कापसाच्या बोळ्याने त्याच्या कानातला जरासा मळ काढला, हुंगला आणि बोळा सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंचं माहेर कोल्हारचं, घरचं गुऱ्हाळ. त्यांनी वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"काकवीचा वास हाय," म्हणाल्या. "पयल्याला बी येत हुता. आमाला वाटलं, गुनाचं लेकरू हाय."

तोच वास आजाराचा होता. दुधातली प्रथिनं या बाळांना पचत नाहीत, त्याचं विष मेंदूपर्यंत जातं. मॅडमनी रक्त पुण्याला पाठवलं, पण रिपोर्टची वाट बघितली नाही. लगेच सलाइन लावलं आणि माझं दूध बंद करायला सांगितलं.

बायांनो, मला त्या वेळी काय वाटलं असेल? गावाचंच खरं झालं. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. मॅडमनी मालकांना आणि सासूबाईंना जवळ बोलावलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या.

"हिचं दूध चांगलं आहे. या बाळाला कुणाचंच दूध पचलं नसतं, माझंसुद्धा नाही. बिघाड आई आणि बाप दोघांकडून आलाय, निम्मा निम्मा. आणि दोघांनाही तो माहीत नव्हता."

त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही. कुणी बोलायला लागलं, की सासूबाईच त्याला गप्प करतात.

श्रेयस वाचला. शाळेत जातो, मारामाऱ्या करतो. त्याचं जेवण तोलून-मापून असतं, वेगळी पावडर घ्यावी लागते. डाळ नाही, पेढा नाही. गावात कुणाकडे बारसं असलं, की सासूबाई त्याच्यामागे पहारेकऱ्यासारख्या फिरतात.

मॅडम मात्र तिथे थांबल्या नाहीत. असं अचानक बाळ गेलेल्या घरांत त्या जायला लागल्या. पहिला प्रश्न ठरलेला, बाळाला आंघोळ कोण घालायचं? बापांना काही माहीत नसतं, म्हणायच्या. मग त्या घरातल्या आजीबाईजवळ चुलीपाशी बसायच्या आणि बाळाला कसला वास यायचा, ते खोदून खोदून विचारायच्या. ज्या घरांत पुढे पोरं व्हायची होती, त्यांच्या तपासण्या आधीच करून घ्यायच्या. अशी वाचलेली पोरं आज या हॉलमध्ये खुर्च्यांवरून उड्या मारतायत. मारू द्या त्यांना.

एकदा आमच्या घरी सासूबाईंनी त्यांना विचारलंच. पहिलाही वाचला असता का?

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "वाचला असता, आजी. ओळखणारं कुणी भेटायला हवं होतं. ते आम्हा डॉक्टरांचं काम होतं, तुमचं नाही." सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याचं नाव काय ठेवणार होतीस?"

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. बारशाआधीच गेलं ना ते. मी सांगितलं, अद्वैत. तेव्हापासून मॅडम म्हणायच्या, अद्वैतची आई, श्रेयसची आई. दोन्ही म्हणायच्या, प्रत्येक वेळी.

मला एवढंच सांगायचं होतं. आता आपण सगळे उभे राहूया आणि मॅडमसाठी शांत राहूया. आणि ज्या आयांच्या मनात एखादं ठेवायचं राहून गेलेलं नाव असेल, त्यांनी ते या वेळात मनातल्या मनात घ्यावं. मॅडमनी विचारलंच असतं.