पाच मोजून चावी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं नंबरची वाट पाहत बसलं होतं.

“कालचं गिऱ्हाईकही हात हलवत परत गेलं. साठ वर्षांपूर्वीची इटालियन स्पोर्ट्स कार, लोक शोधत फिरतात, आणि तुमच्याकडून ती खपत नाही.”

“सुरूच झाली नाही, त्याला मी काय करू?”

“पेडल दोनदा दाबायचं, पाच मोजायचे आणि मग चावी फिरवायची, हे सांगितलंत त्याला?”

“त्याने विचारलं नाही.”

“आधीच्या तिघांनीही विचारलं नसेल.”

“नाहीच विचारलं.”

“अहो, जाहिरात तुम्हीच दिलीत ना? गुडघे वाकत नाहीत. आत बसलात की मलाच बखोटं धरून बाहेर ओढावं लागतं.”

“म्हणून तर दिली. बरं, सकाळी मी फिरायला गेलो तेव्हा कोणी आलं होतं म्हणे?”

“एक बाई आल्या होत्या. गाडीभोवती तीन चकरा मारल्या, हात फिरवला. लगेच न्यायला तयार होत्या.”

“मग?”

“मग काय, चावी दिली मी त्यांच्या हातात.”

“सुरू झाली?”

“नाही.”

“अगं, पाच मोजायचं सांगितलं नाहीस?”

“त्यांनी विचारलं नाही.”