भिंतीवरचा पासवर्ड

(मंचरचं पोस्ट. टपालपेटीजवळ निवृत्त पंप ऑपरेटर जलाल आणि त्याच पंपहाऊसवर अजून नोकरीत असलेला सयाजी.)

सयाजी : दोन म्हैनं त्या पत्राला उत्तर दिलं न्हाई तुमी, जलालभाई. मग आजच काय आलं अंगात?

जलाल : आजच्या शिक्क्यापर्यंतचीच पत्रं घेणार आहेत. वीज-पाण्याच्या यंत्रणांवर सायबर हल्ले होतात, त्यासाठी कायदा करतायत. त्यासाठीच्या समितीनं पत्रात विचारलंय, तुमच्याकडं असं काही घडलं का?

सयाजी : मोठ्या धरणांचं इचारत्यात त्ये. आपल्या बारा गावांच्या योजनेला कोन पुसतंय?

जलाल : मसुद्यात लहान योजना नाहीतच. कुणी कळवलंच नाही, तर धरणार कशा?

सयाजी : रजिस्टरात 'मोटर बिघाड' हाये. सायबांनी लिवाया लावलं व्हतं.

जलाल : लिहिलं मीच ना? क्लोरीनचा डोस बाहेरून कुणीतरी वाढवला होता, सयाजी. कॉम्प्युटर ऐकेना. तू धावत जाऊन हातानं व्हॉल्व्ह बंद केलास. पाच मिनिटं उशीर झाला असता, तर ते पाणी शाळेत गेलं असतं.

सयाजी : गेलं न्हाई ना पन?

जलाल : पुढच्या वेळी तू तिथं नसलास म्हणजे?

सयाजी : आन् पासवर्ड कसा फुटला, त्येबी लिवलंय?

जलाल : लिहिलंय. पाळी बदलली की अडू नये, म्हणून भिंतीवर ऑइलपेंटनं मीच रंगवला. चांगल्या ठळक अक्षरात.

सयाजी : आन् सव्वीस जानेवारीचा फोटो? त्याच भिंतीम्होरं काढलेला? गावच्या ग्रुपवर मी टाकला व्हता. माजं नोकरीचं अजून अकरा म्हैनं ऱ्हायल्यात, राव!

जलाल : 'फोटो ग्रुपवर गेला' एवढंच आहे. तुझं नाव नाही.

सयाजी : हुडकायला किती येळ लागंल त्यास्नी?

जलाल : नाही लागणार. म्हणून तर बोलावलं तुला. तू नको म्हण, आत्ता फाडतो.

सयाजी : म्हंजे समदं वज्जं माझ्या डोक्यावर! लई शानं तुमी.

जलाल : बरं, तो पासवर्ड पुसला का रे?

सयाजी : बदलला की.

जलाल : आणि नवा?

सयाजी : ...त्याच्याच खाली लिवलाय.

जलाल : सयाजी.

सयाजी : बगू नका असं. पाकीट चिकटवलं का?

जलाल : अजून नाही.

सयाजी : मग माजं नाव घाला. फोटो कुनी टाकला त्ये लिवा. व्हॉल्व्ह कुनी बंद केला त्येबी लिवा.

जलाल : हं. झालं लिहून. घे, वाच.

सयाजी : वाचतो कशाला? द्या हिकडं, चिकटवून मीच टाकतो पेटीत.

जलाल : पडलं?

सयाजी : पडलं. आता चला, पांढऱ्या रंगाचा डबा घिऊन द्या.