अचूकरावांचं उत्तर

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्हाला प्रश्न नीट विचारता येत नाही. मला? तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसतोय. दिवसाला दीडशे माणसांना प्रश्न विचारतो, बाळ मुलगा का मुलगी, आईचं नाव काय, कितवं, कुठे झालं, आणि आजतागायत एकाही बापाने मला सांगितलं नाही की साहेब, तुमचा प्रश्न आमच्या नियमावलीत बसत नाही. या इंटरनेटवरच्या फोरमवाल्यांनी सांगितलं. मी काय त्यांची जमीन मागितली होती का? मी फक्त विचारलं होतं.

काय विचारलं होतं ते ऐका. आमचे बाबा घड्याळजी. छप्पन्न वर्षं एका डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली. आता त्या डोळ्याने दगा दिलाय, आणि दुसराही त्याच वाटेवर आहे. तेव्हा डोळे आहेत तोवर सगळं लिहून ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं. कुठल्या घड्याळाचं काय दुखतं, कुठला स्क्रू उलटा फिरतो, सगळं. चार वर्षं, एका बोटाने, दोनशे त्र्याऐंशी पानं. आणि पहिलं वाक्य काय, तर, 'माझ्या मुलाला घड्याळातलं काही कळत नाही, त्याला फक्त कंप्युटर कळतो, म्हणून हे लिहून ठेवतो.' मला वाचून दाखवलं तेव्हा जरा लागलं होतं, पण म्हटलं, निदान अर्धं वाक्य तरी आपल्या बाजूने आहे.

आता हे कंप्युटरवर लिहा हा सल्ला कुणाचा? माझा. आणि कंपन्यांचं नको, ते सगळ्यांसाठी खुलं असलेलं, फुकट सॉफ्टवेअर घालू, हा हट्ट कुणाचा? तोही माझाच. बाबा बिचारे म्हणत होते, "अरे, वही काय वाईट आहे?" मी त्यांना पाऊण तास भाषण दिलं. म्हटलं बाबा, हे कुणाच्या बापाच्या मालकीचं नाही, जगभरातली हुशार माणसं हौसेने राबतात, एक चूक झाली तर हजार डोळे बघत असतात. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोळे हजार, ते ठीक. पण हात कोण लावतं?" मी हसलो होतो. तेव्हा.

मंगळवारी सकाळी फाइल उघडेना. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात मांडीवर, शाळेत काच फुटल्यावर मुलं बसतात ना, तसे. "मी काही दाबलं नाही." म्हटलं, बाबा, तुम्ही चहा घ्या, हे माझं काम आहे. आणि गेलो त्या फोरमवर. जगातले सगळे जाणते तिथे जमतात म्हणे. लिहिलं, 'वडिलांची फाइल उघडत नाही, चार वर्षांचं काम आहे, काय करू?' बस्स. मी फक्त विचारलं होतं.

पहिलं उत्तर यंत्राचं. 'प्रश्न विचारण्यापूर्वी सतरा नियम वाचा.' वाचले. नववा नियम होता, कृपया उगाच प्रश्न विचारू नयेत. मग एक जण आला, "आवृत्ती कुठली?" सांगितली. "एवढी जुनी? तुमच्यासारख्यांमुळेच सगळं मागे राहतं." घ्या. माझ्यामुळे. मी आत्ता पाच मिनिटांपूर्वी आलो, तोवर यांची प्रगती कुणी अडवली होती? दुसरा म्हणतो, "मुळात हे वापरताच कशाला? मी तर नऊ वर्षांपूर्वीच सोडलं." अरे, मग तू इथे नऊ वर्षं करतोयस काय? घरी कुणी वाट बघत नाही का तुझी?

तिसरा तर गळ टाकूनच बसलेला. "आमच्या गटात या, आम्ही वेगळे झालोय." का वेगळे झाले, माहीत आहे? साठवण्याच्या बटणाचा रंग निळा असावा की करडा, यावरून. चाळीस माणसं होती, आता वीस इकडे, वीस तिकडे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि बिघाड? तो दोन्हीकडे तोच. त्यांनी तो वाटून नाही घेतला, दोघांनी पूर्ण ठेवला.

मग आले खुद्द बनवणाऱ्यांपैकी एक. मी म्हटलं, आला देव. देव म्हणाला, "कोड सगळ्यांसाठी खुला आहे. स्वतः वाचा, स्वतः दुरुस्त करा." म्हणजे बघा हं, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात जावं आणि डॉक्टरने म्हणावं, पोट तुमचंच आहे, उघडून बघा की. वर आणखी, "फुकट मिळतंय ना? मग तक्रार कसली?" अहो, तक्रार कुठे केली? मी फक्त विचारलं होतं.

एवढ्यात एकाने भलंमोठं उत्तर टाकलं, शीर्षकं काय, ठळक अक्षरं काय, आणि सुरुवातच, 'हा अतिशय महत्त्वाचा प्रश्न आहे.' मी खूश. चार ओळी वाचल्या तर तो घड्याळ कसं दुरुस्त करावं ते सांगत होता. लगेच दुसरा उसळला, "हे एआयकडून लिहून घेतलंय." तिसरा म्हणाला, मग काय झालं. चौथा म्हणाला, त्या एआयने आपलीच फुकटची मेहनत चोरून आपल्यालाच वाढलीय. आणि जुंपली. साठ उत्तरं. साठ. माझी फाइल कुठल्या कोपऱ्यात पडली कुणास ठाऊक. आतून बाबा विचारतात, "झालं का रे?" म्हटलं, होतंय, माणसं लागली आहेत कामाला.

शेवटी म्हटलं, या दीडशहाण्यांपेक्षा थेट एआयलाच विचारू. ते निदान नाक तरी मुरडत नाही. "तुमची काळजी मी समजू शकतो," म्हणालं. सकाळपासून एवढ्या आपुलकीने कुणी बोललं नव्हतं, बायकोसुद्धा. म्हणालं, "फाइलीशेजारी त्याच नावाची, शेपटीला 'जुनी' असं लिहिलेली दुसरी फाइल दिसेल. तो नुसता कचरा असतो, आणि तोच मूळ फाइलीला अडवून धरतो. डोळे मिटून उडवा." काय ठसका. काय खात्री. मला तर वाटलं, आपल्याच घरातलं कुणीतरी बोलतंय. उडवली. डोळे मिटून उडवली, आणि अर्धवट काम मला आवडत नाही म्हणून तो कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

फाइल उघडली नाही. मी लिहिलं, अजून उघडत नाही. तर काय म्हणतं, "अगदी बरोबर निरीक्षण. ती दुसरी फाइल ही राखीव प्रत होती. ती जपून ठेवायला हवी होती."

म्हटलं, मग उडवायला का सांगितलंस? तर म्हणे, चारशे बारा लोकांनी वाखाणलेलं उत्तर आहे, मोठ्या जाणकाराचं आहे. म्हटलं, दाखव तो जाणकार, बघतोच त्याच्याकडे. दाखवला. तोच फोरम, सात वर्षांपूर्वीची तारीख, आणि नाव... अचूकराव.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. अचूकराव म्हणजे मी.

असं बघू नका. जेवणाच्या सुट्टीत लिहिलं होतं. तिथे एक टोपीचं चित्र लावलेला होता, त्याला सगळ्यातलं सगळं माहीत. त्या दिवशी कुणाची तरी अशीच फाइल उघडत नव्हती, तर तो म्हणाला, "या प्रश्नाचं उत्तर इथे कुणालाच माहीत नसणार." कुणालाच? डोक्यात तिडीक गेली. मला माहीत नव्हतं, पण म्हणून काय ऐकून घ्यायचं? ठोकून दिलं. लोकांनी पसंतीचे अंगठे दिले, टोपी गप्प बसली. मी तर घरी येऊन बाबांनाही दाखवलं होतं, बघा, चारशे बारा. बाबा "बरं" म्हणाले होते.

मग लगेच फोरमवर धावलो, म्हटलं निदान आणखी कुणाचं वाटोळं नको. जुना पासवर्ड आठवेना, म्हणून सकाळच्याच नव्या नावाने त्या उत्तराखाली लिहिलं, 'हे उत्तर साफ चुकीचं आहे.' दहा मिनिटांत काढून टाकलं, आणि व्यवस्थापकांचा निरोप, "अचूकराव आमचे ज्येष्ठ सदस्य आहेत. नव्या लोकांनी बोलताना मर्यादा ठेवावी." मी त्या एआयलाही सांगितलं, की अरे, हा माणूस मूर्ख आहे, मी त्याला आतून ओळखतो. ते म्हणालं, "तुमच्या मताचा आदर आहे, तरी तज्ज्ञांवर विश्वास ठेवावा."

बाबांना सांगायला गेलो तेव्हा चहा तसाच निवलेला. म्हटलं, बाबा, गेलं सगळं. एका माणसाने चुकीचं सांगून ठेवलं होतं, कुणी अचूकराव म्हणून... बाबा म्हणाले, "तो तूच ना रे? तेव्हा दाखवलं होतंस मला." मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, सव्वीस वर्षांत त्या खिडकीवर कितीकांना नावाच्या चुकीवरून परत पाठवलं, ते सगळे एकदम आठवले. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला पाठ आहे सगळं. पण आता मला अक्षरं दिसत नाहीत. मी सांगतो, तू लिही. वहीत."

म्हणून आता रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की वही घेऊन बसतो. पहिल्या दिवशी बाबा सांगायला लागले, "माझ्या मुलाला घड्याळातलं काही कळत नाही." लिहिलं. पुढचं अर्धं वाक्य मला पाठ होतं, माझ्या बाजूचं, कंप्युटरवालं. पेन उचलून थांबलो. म्हटलं, "पुढे?"

तुम्हाला सांगतो, मी फक्त विचारलं होतं.

म्हणाले, "पूर्णविराम दे."