एकशे तीस पौंडांचा संसार

लॅव्हिनिया : आई, हे अक्षर तुझंच ना? बाबांच्या टेबलाच्या खणात होतं.

मिसेस वेक्सकोम : असेल. जुनी बिलं असतील कसली तरी. शेकोटीत टाक, तेवढाच कोळसा वाचेल.

लॅव्हिनिया : बिल नाही. वर्षाचा घरखर्च आहे, पण आपल्या घराचा नाही. भाडं पंचवीस पौंड. बाबा होते तेव्हा आपण साठ भरत होतो.

मिसेस वेक्सकोम : दे इकडे.

लॅव्हिनिया : खाणंपिणं पंचेचाळीस. स्वयंपाकीण आणि मोलकरीण, अठरा. कोळसा-मेणबत्त्या तेवढेच. कपडे पंधरा. पुरुष नोकर, त्याची वर्दी आणि नोकर ठेवण्यावरचा सरकारी कर धरून, चोवीस. खाली लिहिलंयस, 'मिळकत एकशे तीस. जमणार नाही.' कोणाची मिळकत?

मिसेस वेक्सकोम : टॅन्स्लीची.

लॅव्हिनिया : आपल्या चर्चमधले धाकटे पाद्री?

मिसेस वेक्सकोम : पाच वर्षं झाली त्याला. तुला मागणी घालायला आला होता. ह्यांनी मला विचारलं, मी हिशेब मांडून त्याच्यापुढे ठेवला. बिचाऱ्यानं दोनदा वाचला आणि हॅट उचलून निघून गेला.

लॅव्हिनिया : मला तर सांगितलंत, एक्सेटरला बदली झाली म्हणून.

मिसेस वेक्सकोम : झालीच की, पुढे. तू हो म्हणाली असतीस गं. मला ठाऊक होतं, म्हणून तर...

लॅव्हिनिया : यातला पुरुष नोकर काढला तर नऊ पौंड उरतात.

मिसेस वेक्सकोम : काढायचा कसा? दार मोलकरणीनं उघडायचं? अशा घराला खानदानी कोण म्हणतं?

लॅव्हिनिया : बाबा गेले त्याच महिन्यात आपण आपल्या नोकराला, हॉब्जला काढलं. दार मीच उघडते.

मिसेस वेक्सकोम : म्हणून तर कुणी येत नाही आता.

(लॅव्हिनिया कागदाची घडी घालते.)

मिसेस वेक्सकोम : टॅन्स्लीचं लग्न झालं गेल्या वर्षी. तीनशेची जागा मिळाली आणि लगेच.

लॅव्हिनिया : बरं झालं.

मिसेस वेक्सकोम : असं नको बोलूस. भांड माझ्याशी, आदळआपट कर.

लॅव्हिनिया : राग शोधतेय, सापडत नाही. हात तेवढे गार पडलेत.

मिसेस वेक्सकोम : शाल देऊ का? आणि हे बघ, त्या ब्रिस्टलच्या कापडवाल्याला नाही म्हणून कळव आजच. त्याच्या पोरींना फ्रेंच शिकवायला वेक्सकोमांची मुलगी जाणार, तीस पौंडांसाठी? लोक तोंडात शेण घालतील.

लॅव्हिनिया : होकार लिहून ठेवलाय आठवड्यापूर्वी. तू एकटी पडशील म्हणून टपालात टाकत नव्हते.

मिसेस वेक्सकोम : मग?

लॅव्हिनिया : आता टाकून येते.

मिसेस वेक्सकोम : लॅव्ही! अगं, मी कशी राहू?

लॅव्हिनिया : बाबांमागे उरलेले वर्षाचे एकशे दहा पौंड दोघींना पुरत नाहीत, आई. एकट्या बाईला पुरतात. मी हिशेब मांडून पाहिलाय.