भिंतीकडची चाकं

टायरवाला : खरं सांगू का ताई, ही एक गाडी नाहीच. दोन अर्ध्या गाड्या कुणीतरी मधोमध जोडल्यात.

मुलगी : म्हणजे काय?

टायरवाला : इकडे या. हा पुढचा उजवा टायर. मधे हात फिरवून बघा.

मुलगी : गुळगुळीत लागतोय.

टायरवाला : आणि कडेला?

मुलगी : कडेला आहे की नक्षी.

टायरवाला : आता तिकडून या. हा डावा.

मुलगी : अरे, हा उलटा आहे. दोन्ही कडा गेल्यात, मधला भाग शाबूत.

टायरवाला : मागचेही तसेच. उजव्या अंगाचे दोन्ही पोटात झिजलेत, डाव्या अंगाचे दोन्ही कडांनी. मला वाटलं चाकांची रेषा हलली असेल, बहुतेक गाड्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. मशीनवर चढवून बघितलं, तर रेषा अगदी सरळ.

आई : असणारच. आमच्या ह्यांचं सगळंच सरळ. टॉवेलसुद्धा दोरीवर तिरका चालायचा नाही.

टायरवाला : साहेब नाही आले, काकू?

मुलगी : बाबा हिवाळ्यात गेले.

टायरवाला : अरेरे. मला माहीत नव्हतं.

आई : तुम्हाला कसं माहीत असणार? आम्ही इथे पहिल्यांदाच आलोय. चाकांचं सगळं हे घरीच करायचे. पुढची मागे, मागची पुढे. मी बोल्ट धरून उभी राहायचे, वाटीत.

मुलगी : वाटीत उभी राहायचीस?

आई : बोल्ट वाटीत गं. एवढी शिकलीस, पण आईची चूक दिसली की लहान होतेस.

टायरवाला : अदलाबदल करायचे ते बरोबरच, काकू. पुढची चाकं लवकर झिजतात, फिरवत राहिलं की चारही सारखी म्हातारी होतात. पण ही बऱ्याच दिवसांत फिरवलेली दिसत नाहीत.

आई : शेवटी शेवटी गुडघे वाकेनात त्यांचे. गेल्या वर्षी एकदाही नाही बदलली. हवा मात्र मी भरत होते हं. दर रविवारी, पायपंपाने. अजूनही भरते.

मुलगी : अजूनही? उभ्या गाडीत?

आई : उभ्या माणसाला श्वास लागत नाही का?

टायरवाला : चारही चाकांत भरता, काकू?

आई : चारही कशाला? गाडी भिंतीला चिकटून उभी असते, डावीकडे मांजरही शिरत नाही. म्हणून तर हे गाडी लावायच्या आधी मला उतरवायचे. आणि तिकडे गरज काय? त्या बाजूला मीच बसणार. माझं वजन ते किती! भार सगळा ह्यांच्या बाजूला. म्हणून उजवीकडच्या दोघांत दाबून भरायचे.

टायरवाला : अच्छा.

आई : बरोबर ना?

टायरवाला : विचार बरोबर आहे तुमचा.

मुलगी : आई, तू जरा आत बस ना. पंखा आहे तिथे. इथे ऊन लागतंय तुला.

आई : मला कुठे लागतंय?

मुलगी : मला लागतंय तुझ्याकडे बघून. जा. पाणी पण आहे.

आई : जाते बाई. म्हाताऱ्या माणसाला सावलीत ढकललं की मुलांना बरं वाटतं.

मुलगी : ... गेली. आता सांगा.

टायरवाला : सांगायचं काय, तुमच्या लक्षात आलंय. हवा जास्त झाली की टायर फुगून पोटावर चालतो. कमी झाली की बसतो आणि कडांवर चालतो. तुमच्याकडे दोन्ही प्रकार एकाच गाडीला झाले. आज मोजली तर डावीकडे नावाला हवा आहे आणि उजवीकडे दगड.

मुलगी : येताना सारखी डावीकडे जात होती. मला वाटलं, सवय नाही म्हणून माझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय.

टायरवाला : हाताचं नाही. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. सरळ जायचं तर स्टिअरिंग सारखं उजवीकडे धरून ठेवायला लागतं. थोड्या वेळाने खांदा भरून येतो.

मुलगी : कुणाचाही?

टायरवाला : कुणाचाही. माझाही येईल.

मुलगी : पण एखादा आजारी माणूस असेल, वय झालेलं असेल, आणि गाडीत काही बिघाड नाही अशी त्याची खात्री असेल, तर त्याला काय वाटेल?

टायरवाला : कोणाबद्दल बोलताय, ताई?

मुलगी : बाबांनी फोन केला होता मला, पावसाळा संपता संपता. म्हणाले, माझा उजवा हात आता कमी पडायला लागलाय, गाडी सरळ राहत नाही माझ्याकडून. एखाद्याच्या अंगावर जायच्या आत चावी ठेवून देतो.

टायरवाला : हवा नाही का बघितली त्यांनी?

मुलगी : हवेचं खातं आईकडे होतं. तिने भरली म्हटल्यावर ते तपासणार नाहीत. तिने मीठ घातलं म्हटल्यावर ते चवही बघायचे नाहीत.

टायरवाला : मग ठेवली चावी?

मुलगी : त्याच दिवशी. पुन्हा हात नाही लावला.

टायरवाला : आणि काकूंना हे माहीत आहे?

मुलगी : आईसमोर हे बोलू नका.

टायरवाला : मी कशाला बोलतोय? मी टायर बघतो, ताई. उद्या निघायचं म्हणालात ना, किती लांब जायचंय तुम्हाला?

मुलगी : दिवसभराचा रस्ता आहे. गाडी माझ्याकडे नेतेय. इथे चालवणारं कुणी नाही, नुसती उभी राहून खराब होईल.

टायरवाला : हायवेला ह्या टायरांवर जाऊ नका. चारही बदलतो. पुढे मात्र एवढंच बघा, हवा चारही चाकांत सारखी, आणि भरायची तर गाडी थंड असताना. पुढचे-मागचे मधूनमधून फिरवा. आणि उभीच राहणार असेल तर महिन्यातून एकदा तरी चक्कर मारा. एकाच जागी उभ्या गाडीचं चाक त्याच जागी चपटं होतं.

आई : झालं का तुमचं खलबत? काय निघालं?

टायरवाला : काही नाही, काकू. रस्ते. आपल्याकडचे रस्ते टायर खातात.

आई : हो का? बरं, बदला मग.

(नवे टायर बसवून गाडी घराकडे निघाली आहे. मुलगी चालवते आहे, आई तिच्या डावीकडे.)

आई : आता कशी चालतेय?

मुलगी : सरळ. हात सोडला तरी सरळ जाईल.

आई : सोडू नकोस.

मुलगी : नाही गं.

आई : रस्ते दोन्ही बाजूंना सारखेच असतात ना?

मुलगी : म्हणजे?

आई : तो म्हणाला, रस्ते टायर खातात. मग डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे कसे खाल्ले?

मुलगी : खड्डे कडेला जास्त असतात, आई.

आई : हं.

मुलगी : काच वर करू का? वारा येतोय.

आई : राहू दे. ह्यांना चेंडू आणून दिला होता मी, रबराचा. तुला माहीत नसेल. शेवटचे महिने गॅलरीत बसून उजव्या हाताने तो दाबायचे. हाताला जोर यावा म्हणून. शेजारच्यांना वाटायचं म्हातारा क्रिकेट खेळणार आता.

मुलगी : तू कधी सांगितलं नाहीस.

आई : त्यात सांगायचं काय? डॉक्टरांनी दोनदा तपासलं. म्हणाले, काका, हाताला काही नाही, छातीकडे लक्ष द्या. ह्यांना पटलं नाही. म्हणायचे, डॉक्टर काय गाडीत बसून बघतो का? मला माहितीय माझा हात.

मुलगी : आई, पुढे डावीकडे वळायचं ना?

आई : आयुष्यभर राहिलीस ना ह्या रस्त्यावर? डावीकडेच. ... तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. ह्यांचेही व्हायचे.

मुलगी : ऊन लागलंय.

आई : असेल. मी सावलीत होते.

मुलगी : आई...

आई : पुढे बघून चालव. मी काही रडत नाहीये. मी विचार करतेय, एकदा तरी मला म्हणायचं, बाई गं, हवा बघून घे चारही चाकांतली. नाही म्हणाले. मी भरलीय म्हटल्यावर संपलं. स्वतःच्या हातावर विश्वास ठेवला नाही, माझ्या पायावर ठेवला.

मुलगी : तू त्यांच्यासाठीच भरत होतीस ना?

आई : म्हणून काय झालं? हवेला कळतं का कुणासाठी?

मुलगी : ते गेले ते छातीने गेले, आई. गाडीने नाही. गाडी सुटल्याने नाही.

आई : हो. पण शेवटचं ऊन गॅलरीत बसून खाल्लं त्यांनी. तळ्यापर्यंत जायचो आम्ही संध्याकाळी. उतरायचोही नाही. काचेतून पाणी बघायचं आणि परत. त्यांना वाटायचं मला आवडतं, मला वाटायचं त्यांना आवडतं.

मुलगी : आणि खरं कुणाला आवडायचं?

आई : आता कुणाला विचारू?

मुलगी : जाऊया का आत्ता? तळ्यावर?

आई : नको. ... पुढच्या खेपेला.

मुलगी : पुढच्या खेपेला गाडी कुठे असेल इथे? सकाळी निघतेय ना मी तिला घेऊन.

आई : हो, विसरले. घेऊन जा. तुझ्या उपयोगाची आहे. मी काय, खिडकीतून खाली बघते. ती उभी दिसली की वाटतं घरात कुणीतरी आहे, आत्ताच आलंय किंवा आत्ता निघणार आहे. तेवढंच. त्याला पेट्रोल लागत नाही.

मुलगी : मला कधी बोलली नाहीस हे.

आई : तू विचारलंस, आई, गाडी उभी राहून खराब होईल ना? मी म्हटलं, होईल. खरंच आहे ते.

मुलगी : महिन्यातून एकदा चालवली तर नाही होणार. तो म्हणाला.

आई : कोण चालवणार महिन्यातून एकदा?

मुलगी : मी. गाडी इथेच राहू दे, मी येते ना रात्रीच्या बसने. शनिवारी पोहोचले की रविवारी चालवायची, सोमवारी कामावर.

आई : बोलायला काय जातंय! पहिले दोन महिने येशील. मग म्हणशील, आई, फार काम आहे गं.

मुलगी : म्हणेन. तेव्हा तू म्हण, चाक चपटं होतंय.

आई : मी कशाला म्हणू? ... आलं बघ फाटक. हळू. डावीकडे नळ आहे.

मुलगी : माहीत आहे, आई.

आई : थांब. मला उतरव आधी. भिंतीला लावलीस की माझं दार उघडत नाही.

मुलगी : उतर. सांभाळून. आता तू मागे उभी राहा आणि सांग.

आई : राहिले. येऊ दे. येऊ दे. सरळ येऊ दे. आता थोडी भिंतीकडे घे. अजून थोडी. येऊ दे. ... बास.

मुलगी : इथे? अगं, भिंतीपासून दोन हात जागा राहिलीय अजून. बाबा अगदी चिकटवून लावायचे.

आई : राहू दे. मला रविवारी त्या बाजूलाही पंप घेऊन बसायचंय.