तीन मुठी तांदूळ

जड लागतेय? लागणारच, रुआतीच्या आई—ठेव खाली, पुन्हा उचलून बघू नकोस. एकट्या म्हाताऱ्याच्या घरातून चर्चसाठी एवढा तांदूळ कसा निघाला, हेच ना आलं मनात? लेक गेल्यापासून आज पहिल्यांदा तांदूळ गोळा करायला निघालीस, आणि आल्या आल्या मलाच पकडलंस. भात चढवायच्या आधी एक मूठ देवाची—बायकोनं जन्मभर काढली, ती गेल्यावर मी काढतो. मूठ एकच. मी तीन काढतोय. भक्ती? छे, माझ्या तोंडावर तरी असलं काही बोलू नकोस.

ऐझॉलला गेलो होतो ना, पुतण्याला भेटायला म्हणून—पुतण्याबितण्या काही नाही, छातीचा फोटो काढायला. डाग आहे म्हणाले. घरी आलो, इथेच चुलीपुढे गुडघे टेकले—आणि मागितलं काय? मी, चाळीस वर्षं चर्चच्या मंडळीचा उपा, सगळ्यांनी वडील मानलेला, गावातल्या प्रत्येक मयताच्या घरी उभा राहून सांगणारा, की हे जग आपलं नव्हे, आपण इथे पाहुणे, गेला तो घरी पोचला—मी खुशीनं निघायला हवं होतं. मी म्हणालो, प्रभू, मला राहू दे. संत्री उतरायची आहेत, डुकरीण गाभण आहे, राहू दे. स्वर्गापेक्षा डुकरीण बरी वाटली मला. आणि दुसऱ्या दिवसापासून दोन मुठी, मग तीन—लाच, दुसरं काय? लाज वाटते गं. स्वतःला वरचा म्हणावं तर जायची भीती, इथला म्हणावं तर चाळीस वर्षं इथे जीव म्हणून लावला नाही. बायको अंगणात फुलझाडं लावायची, तर तिलाही म्हणायचो, कशाला एवढं, आपण काय कायमचे आहोत का इथे. लावायची बंद केली तिनं.

नको, दुखण्याचं नको विचारू. ते सांगायचंच नव्हतं मला. मग काय सांगायचं होतं? तुझ्याच घरचं, दुसरं काय—चौदा वर्षांची पोर समोर निजवलेली, तू हंबरडा फोडलेलास, आणि मी पुढे होऊन म्हणालो, गप, ती घरी पोचली, विश्वास असलेली बाई अशी रडत नाही. आणि तू गप्प झालीस. एकदम. लोक म्हणाले, उपा, काय ताकद आहे तुमच्या शब्दात—आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्यानंतर तुला कुणी रडताना पाहिलं नाही म्हणतात—खरंय? एकदाही नाही?

एका डागासाठी मी सत्तरीचा माणूस दुपारभर रडलो, बाई. तुला मी घटकाभरही रडू दिलं नाही.

जा आता, पुढच्या घरी वाट बघत असतील. आणि हे सगळं मंडळीत सांगायचं तर सांग, मी अडवणार नाही—अगं, अशी भिंतीला टेकू नकोस, काजळी लागेल—बरं, लागू दे. लागू दे. नाही, गप बस नाही म्हणत मी, आता नाही म्हणणार. बस तू इथेच. मी दाराबाहेर बसतो, कुणाला आत येऊ देत नाही.