करदोड्यासकट वजन

सन्माननीय अध्यक्ष वामनराव, व्यासपीठावरील पाहुणे, आमच्या विभागातील डॉक्टर, परिचारिका, शिपाई बंधुभगिनींनो, आणि पारशिवनीहून सकाळच्या एसटीने आलेल्या मायबायांनो,

एकतीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून गावोगाव हिंडून आज गोपिकाबाई भोयर निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी गोड बोलणारे बरेच झाले. मी एक जुनी गोष्ट सांगतो. तीत माझी शोभाच आहे, पण सांभाळून घ्या.

एकाहत्तर साली पारशिवनीकडच्या गावांत आम्ही तान्ह्या मुलांची पाहणी करत होतो; प्रमुख मी, घरोघर वजने घेणाऱ्या गोपिकाबाई. दर महिन्याला वजन करायचे, मूल काय खाते ते विचारायचे, लिहायचे. सल्ला नाही, औषध नाही. आपण मध्ये पडलो की निष्कर्ष बिघडतात, हे मी इतक्यांदा बजावले की आमचा ड्रायव्हर नत्थूसुद्धा गावात सांगायचा, "आपल्याले फक्त पाहाचं हाय."

चार महिन्यांत आलेख असा चढला म्हणता! त्यातही डाळीचे पाणी पाजणाऱ्या घरांतली मुले भराभर वाढत होती. दिल्लीच्या परिषदेसाठी मी निबंधही लिहून टाकला. मग कागदावरून मान वर कशाला काढीन?

इकडे गावात काय चालले होते? वजनाला बाई येणार म्हणून आज्या नातवंडांना नटवत होत्या. शेजारणीचे बघून दर महिन्याला एक डाग जास्त. आधी वाळे, मग कडी, मग चांदीचा करदोडा. आणि डाळ ज्यांच्या घरी, चांदीही त्यांच्याच घरी. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात हे दोनदा लिहिले होते. तो रकाना मी वाचलाच नव्हता.

पाचव्या महिन्यात जयवंता नावाच्या एका आईची मुलगी वजनाच्या झोळीत बसली. वजन मागच्या महिन्याच्या कागदावर होते तेवढेच, पण बाईंना तिचे दंड सुकलेले दिसले. त्यांनी आजीला, प्रयागबाईंना, चांदी उतरवायला सांगितले.

"काहून उतरवू वं बाई? उघड्या लेकराले नजर लागते," आजी म्हणाली.

बाईंनी कशीबशी समजूत घातली. चांदी भरली पावकिलोच्या वर, आणि मूल पहिल्या महिन्याहून हलके. बाई मायलेकींना घेऊन तडक नागपूरला आल्या. मुलगी मान धरत नव्हती.

आणि मी काय केले? इस्पितळाच्या व्हरांड्यातच बाईंवर ओरडलो, की पाहणीत मध्ये पडायचे नाही म्हणून सांगितले होते ना?

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पाहालेच तं पाठवलं होतं मले. मी पाहिलं."

मुलगी तीन आठवड्यांत बरी झाली. सगळ्या मुलांचे दागिने उतरवून आम्ही पुन्हा वजने केली. माझा आलेख जमिनीवर आला. 'दागिने उतरवून वजन घ्यावे' ही सूचना मात्र माझ्या नावाने छापली गेली, आणि तिचे कौतुक मी बारा वर्षे हसतमुखाने स्वीकारले. बाईंना काय मिळाले? आदेशभंगाचे ज्ञापन. खाली सही माझी.

आपण सर्वांनी ऐकून घेतले, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झाले असेल ते सभागृह पोटात घालीलच. त्या सहीची माफी मात्र सभागृहाकडे मागून चालणार नाही. गोपिकाबाई, ती मी तुमच्याकडे मागतो.